चित्रकथा काढणाऱ्या पोरीचा महिना

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीनं मला "धम्म आणि कला" असा विषय दिला. विषय मोठा आणि मी लातूरच्या डाळमिलमधला कामगार माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण झालं ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि मिलच्या रात्रपाळीत, पोत्याला पाठ टेकून. त्यामुळं कलेवर विद्वानासारखं बोलणं मला जमणार नाही. मी एका लहानशा पुस्तिकेबद्दल बोलणार आहे. तुम्ही सगळ्यांनी ती पाहिलेली आहे. दर पौर्णिमेला वंदना झाली की दारातल्या टेबलावर आठ पानांची चित्रकथा ठेवलेली असते. किंमत दहा रुपये. लेकरं ती पळवतात, मोठी माणसं चष्मा नाही म्हणून नुसती चाळतात आणि ठेवून देतात. ती पुस्तिका माझी भाची काढते. ती नांदेडला राहते. गठ्ठा नांदेड-लातूर गाडीनं येतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी स्टँडवर लागली की मी सायकल घेऊन उभा असतो.

आता भाचीचं कौतुक करायला मामा उभा राहिला, असं कुणी म्हणेल. तसं नाही. उलट सुरुवातीला मीच तिला बोललो होतो. चित्रकलेचा कोर्स झाल्यावर तिनं सांगितलं, "मामा, मला चित्रकथा काढायच्यात." मी म्हणालो, "माय, चित्र काढून कुणाचं पोट भरलंय? स्पर्धा परीक्षेला बस." ती काही बोलली नाही. सकाळी शिकवण्या घ्यायला लागली आणि दुपारी चित्र काढायला लागली. आज मी इथं उभा आहे तो माझं ते बोलणं मागं घेण्यासाठी. ते का मागं घेतो, तेच मला सांगायचं आहे.

बंधू-भगिनींनो, आधी एका गोष्टीचा खुलासा करू. चित्रकथा म्हणजे पोरासोरांचा खेळ, हे परदेशातून आलेलं खूळ, असा आपला समज आहे. पण चित्रांतून सलग गोष्ट सांगणं हे आपल्याच मराठवाड्याचं जुनं धन आहे. अजिंठ्याला आपण सहलीला जातो, पद्मपाणीपुढं उभं राहून फोटो काढतो आणि परत येतो. पण दहाव्या लेण्यात जा. ते इसवी सनापूर्वीचं लेणं आहे. त्याच्या भिंतीवर छद्दंत जातकाची कथा रंगवलेली आहे. सहा सुळ्यांचा हत्ती, म्हणजे बोधिसत्त्व. त्याची एक राणी रुसते, पुढच्या जन्मी काशीच्या राजाची राणी होते आणि त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. शिकाऱ्याला सुळे कापता येत नाहीत, तेव्हा जखमी हत्ती स्वतः सोंडेत करवत धरून कापून देतो. ते सुळे पाहून राणीचं काळीज फुटतं. हीच कथा सतराव्या लेण्यात पुन्हा आहे. तिथंच वेस्संतर राजाची कथाही आहे. एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा काढलेला आहे: इथं निघाला, इथं पोचला, इथं दान दिलं. चौकट नाही, रेघ नाही. पाहणाऱ्यानं डोळ्यानं चालत जायचं. आपल्या पूर्वजांतल्या कित्येकांना अक्षर येत नव्हतं, पण भिंत वाचता येत होती. म्हणून म्हणतो, चित्रकथा ही आपल्या घरातली गोष्ट आहे. मधे आपलं घर सुटलं, एवढंच.

मी लहान असताना आमच्या गावी, नांदेड जिल्ह्यात, न्हाव्याच्या दुकानात जुने "चांदोबा" असायचे. मद्रासहून निघणारं हे मासिक, मराठीत १९५२ पासून येत होतं. मला वाचायची गोडी लागली ती त्यातल्या चित्रांमुळं. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मला अजून दिसतो. पण त्यात राजा होता, प्रधान होता, ब्राह्मण होता, सावकार होता. गावकुसाबाहेरचं घर मात्र त्यात मला कधी दिसलं नाही. आमचं घर काढायला चित्रकाराला जागाच नव्हती. लहानपणी वाटायचं, आपलं घर चित्रात काढण्यासारखं नसेल.

पुढं १९७९ साली अमर चित्र कथेनं बाबासाहेबांवर अंक काढला. चित्रं दिलीप कदम यांची. हा चित्रकार मोठा कामसू. १९८० च्या दशकात निघालेल्या बेचाळीस अंकांच्या महाभारताची चित्रंही त्यांनीच काढली. बाबासाहेब बत्तीस पानांत आले, ही त्या काळी आनंदाचीच गोष्ट होती. पण बेचाळीस अंक आणि एक अंक, हा हिशेब भाचीनं मला दाखवला तेव्हा मी गप्प झालो.

आता तिचा महिना कसा जातो ते सांगतो. आपल्याला वाटतं, कलाकाराला मनात येतं आणि हात चालतो. तसं काही नाही. मी चार दिवस नांदेडला बहिणीकडं राहून डोळ्यांनी पाहिलं. आपल्या मिलसारखंच आहे.

पौर्णिमा झाली की पहिला आठवडा ती पेन्सिल हातात धरत नाही. वाचते आणि ऐकते. म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन बसते. नऊवारी कशी नेसायच्या, पाण्याचा हंडा डोक्यावर की कमरेवर, दिवा चिमणीचा की कंदिलाचा, हे विचारून घेते. मी म्हणालो, "एवढं कशाला?" ती म्हणाली, "मामा, चुकीचा हंडा काढला तर आजी पान उलटून टाकती. मग पुढचं काहीच तिला खरं वाटत नाही."

दुसऱ्या आठवड्यात संहिता. एका कागदावर आगपेटीएवढ्या आठ चौकोनात आठही पानं काढते. कुठं माणूस उभा, कुठं बोलणं, कुठं नुसतं आभाळ. हा आराखडा चार-पाच वेळा खोडला जातो.

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या कागदावर पेन्सिल. छापायच्या मापाच्या दीडपट काढायचं, म्हणजे लहान करताना रेघ दाट आणि स्वच्छ दिसते. कच्ची रेघ फिक्कट निळ्या पेन्सिलीनं, कारण ती झेरॉक्समध्ये उमटत नाही. आणि एक गंमत सांगतो. बोलण्याचा फुगा आधी काढायचा नसतो. आधी अक्षरं लिहायची, मग त्यांच्याभोवती फुगा ओढायचा. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार, त्याला इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. फुगा आधी काढला की शेवटचा शब्द दाटीवाटीनं कोंबावा लागतो. सुरुवातीच्या दोन अंकांत तसं झालं होतं, तुम्ही बघा.

चौथ्या आठवड्यात शाई. नुसती काळी आणि पांढरी. करडा रंग झेरॉक्समध्ये चिखल होतो, म्हणून सावली असेल तर बारीक रेघा मारायच्या. मग दोन कागद दोन्ही बाजूंनी छापायचे, मधे दुमडायचे, टाचायचे. आठ पानं झाली. पहिलं आणि आठवं पान एका बाजूला, त्याच्या पाठीवर दुसरं आणि सातवं. हे गणित पहिल्या अंकाला माझंच चुकलं होतं. शंभर प्रती मी इथं लातूरला छापून आणल्या आणि गोष्ट शेवटाकडून सुरू झाली. तेव्हापासून छपाई नांदेडलाच होते! घाऊक दरानं एका प्रतीला चार रुपये पडतात. उरलेल्या सहा रुपयांत कागद, शाई, गाडीभाडं. त्यात तिच्या हाताची मजुरी कुठंच धरलेली नाही, हे मजूर माणूस म्हणून मला सांगितलंच पाहिजे.

आमच्या मिलमध्ये तूर आली की लगेच डाळ होत नाही. आधी चाळायची, खडे-माती काढायची. मग तिला ओरखडे पाडायचे, तेल लावायचं, ढीग मुरू द्यायचा, पाणी मारायचं, वाळवायचं. मुरण्याचा वेळ वाचवला तर साल सुटत नाही, दाणा फुटतो, चुरी होते आणि ती चुनीत, गुरांच्या पुढ्यात जाते. मालक ओरडला तरी तूर घाई करत नाही. तिचा पहिला आठवडा म्हणजे हे मुरणं आहे, हे मला तेव्हा कळलं.

आता तिच्या टेबलापुढच्या भिंतीवर काय लावलंय ते सांगतो. कारण कुणाकडून शिकतो, यावरून माणूस कळतो.

एक म्हणजे "भीमायन". २०११ साली निघालेलं चित्रपुस्तक. मूळ इंग्रजीत आहे, मला भाचीनं पान-पान समजावून सांगितलं. चित्रं काढली आहेत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या नवरा-बायकोनं. ते मध्य प्रदेशातले परधान गोंड. आपल्या किनवट-माहूरकडंही परधान आहेत. बाना नावाचं वाद्य वाजवत गोंडांच्या पिढ्यांच्या कथा गाणं हे त्यांचं परंपरेचं काम. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर ते पुस्तक आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली लेकरं, घ्यायला कुणी आलेलं नाही, बैलगाडीचं दुप्पट भाडं देऊन स्वतःच गाडी हाकायची आणि रात्रभर प्यायला पाणी नाही. बडोद्याला पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन हाकललेला, परदेशात शिकून आलेला विद्वान. आणि १९३४ ची आपल्या मराठवाड्यातली गोष्ट, दौलताबादच्या किल्ल्याची. हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून झालेला गलका. व्याम दांपत्यानं यात चौकटी मारल्या नाहीत. माणसांना डब्यात कोंडणार नाही, अशी त्यांची भूमिका. अजिंठ्यासारखंच डोळ्यानं चालत जायचं. आणि बोलण्याचे फुगे पाहा: मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पाखरासारखा आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पाच वर्षांच्या लेकराला वाचता येत नसलं तरी कोण कसं बोलतंय ते कळतं.

दुसरा तिचा गुरू जपानचा. ओसामू तेझुका. आपल्या तथागतांवर त्यानं चित्रकथा काढली. १९७२ ते १९८३, अकरा वर्षं, मासिकातून महिन्याच्या महिन्याला. जपानीत चौदा खंड झाले, इंग्रजीत आठ. हा माणूस वैद्यकी शिकलेला. शाळकरी वयात युद्धाच्या काळात त्याला ओसाकाच्या कारखान्यात राबावं लागलं आणि १९४५ च्या बाँबफेकीतून तो वाचला. त्याच्या कथेची सुरुवात राजवाड्यातून होत नाही. सुरुवातीला आगीत उडी घेऊन भुकेल्याला अन्न देणारा ससा, आपली जातकातली गोष्ट. नंतर येतात चाप्रा नावाचा गुलाम आणि तत्ता नावाचा अस्पृश्य पोरगा. ही पात्रं आपल्या ग्रंथांत नाहीत, त्यानं कल्पनेनं घातली. सिद्धार्थाच्या जन्माआधी तो वाचकाला जातीचं दुःख दाखवतो. दूर जपानमधल्या माणसाला वाटलं की बुद्धाची गोष्ट सांगायची तर जात दाखवल्याशिवाय सांगता येणार नाही. १९८९ साली तो वारला, वय साठ. आयुष्यात सुमारे दीड लाख पानं काढली म्हणतात. भाचीची आतापर्यंत दोनशेसुद्धा झाली नाहीत. ती म्हणते, "मामा, महिन्याला आठ पानं म्हणजे काहीच नाही. पण सुटली नाहीत पाहिजेत."

आणि तरीही एकदा सुटली. गेल्या वर्षी एका पौर्णिमेला टेबल रिकामं होतं, आठवत असेल तुम्हाला. मी चिठ्ठी लावली होती, "या महिन्याचा अंक नाही." ते का झालं, हे आज सांगतो.

तिनं नामांतराचा अंक करायला घेतला होता. दोन भाग. पहिला १९७८ चा, दुसरा १४ जानेवारी १९९४ पर्यंतचा. तरुण पोरांना नामांतर म्हणजे विद्यापीठाच्या गेटवरची कमान आणि चौदा जानेवारीची गर्दी एवढंच ठाऊक. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळायला लागल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे. जय भीम सोडला नाही म्हणून त्यांना जिवंत जाळलं, हे आपण शाहिरांकडून ऐकत मोठे झालो. भाची त्या पानाशी अडली. कसं काढायचं? आग काढायची का? ते पान लेकरांच्या हातात जाणार. न काढावं तर खोटं. काढावं तर लेकरू रात्री दचकणार. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढं ते चित्र ठेवायचं कोणत्या तोंडानं? तीन आठवडे कागद कोरा राहिला.

मग तिनं मला फोन केला. "मामा, तुम्ही तेव्हा आठ वर्षांचे होता. गावातच होता. तुम्ही काय पाहिलं?"

मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

बंधू-भगिनींनो, मी खोटं बोललो. चळवळीत मी तीस-पस्तीस वर्षं आहे. या विहारात, चौकात, मोर्चात नामांतरावर किती भाषणं केली त्याची गणती नाही. पण माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझ्या लेकरांना मी त्या रात्रीबद्दल एक शब्द कधी सांगितलेला नव्हता. भाषणात "मराठवाडा जळत होता" म्हणणं सोपं असतं. मराठवाडा मोठा आहे. आपलं घर लहान असतं.

दोन दिवस मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, नांदेडची गाडी धरली. तिच्या टेबलाशेजारी बसलो आणि सांगितलं. ऑगस्टचा पहिला आठवडा. पाऊस होऊन गेलेला. बाप मजुरीला बाहेरगावी. रात्री वाड्यात आरडाओरडा झाला आणि माय आम्हाला घेऊन मागच्या बाजूनं ज्वारीत शिरली. ज्वारी माझ्या डोक्याएवढी. चिखलात आम्ही वाकून बसलो. मायीच्या एका बगलेत मी आणि दुसऱ्या बगलेत पाच महिन्यांची माझी बहीण. मायीनं तिला पाजायला घेतलं होतं, ती रडू नये म्हणून. आणि दुसरा हात माझ्या तोंडावर. घट्ट. मला श्वास घेता येत नव्हता. धाटांच्या फटीतून मी आमच्या घराचं छप्पर पाहत होतो. उजेड झाला होता, पण दिवस उगवला नव्हता. मला आगीपेक्षा मायीचा हात आठवतो. त्या हाताला शेणाचा आणि भाकरीचा वास होता. उजाडल्यावर तिनं हात काढला तेव्हा माझ्या गालावर तिच्या बोटांचे वळ होते.

भाचीनं काही लिहून घेतलं नाही. नुसतं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "आजीच्या हातात बांगड्या होत्या का?" मी आठवून सांगितलं, होत्या, काचेच्या. पण ज्वारीत शिरायच्या आधी तिनं दगडावर हात आपटून त्या फोडल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. हे मला स्वतःलाच सत्तेचाळीस वर्षांनी आठवलं. तिनं विचारलं नसतं तर माझ्याबरोबरच ते गेलं असतं.

तो अंक तुम्ही मागच्या पौर्णिमेला घेतला असेल. त्यात पोचिराम कांबळे यांचं नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. त्यांची आग नाही. मधल्या दोन पानांवर नुसती ज्वारी आहे. काळ्या शाईच्या उभ्या रेघा. त्यात एक हात, एक तोंड, दोन डोळे. बांगड्या नाहीत. डोळ्यांत पांढरा उजेड आहे, तो कागदाचा कोरा रंग आहे, तिथं शाई लावलेली नाही. बोलण्याचा फुगा एकही नाही. कारण तोंडावर हात आहे.

माझ्या बहिणीनं, म्हणजे तिच्या मायनं, ते पान पाहिलं. तिला हे काही माहीत नव्हतं. आमची माय हे सगळं मनात ठेवून गेली, आणि मीही सांगितलं नाही. तिनं पान बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या बगलेतल्या बाळावर बोट ठेवून मला विचारलं, "दादा, ही मी का?"

मी मान हलवली. आम्ही दोघं सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या रात्रीसाठी एकत्र रडलो.

आता काही जणांच्या मनात एक शंका आहे, तिचं उत्तर द्यायलाच हवं. आपल्यातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मला विचारलं, "बाबासाहेबांना असं कार्टूनसारखं काढणं बरं दिसतं का?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. २०१२ साली शाळेच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, आठवत असेल. १९४९ चं चित्र, गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागं चाबूक घेतलेले नेहरू. राज्यघटनेला उशीर होतोय अशी थट्टा होती. पुढं उन्नमती श्याम सुंदर या आपल्याच विचाराच्या व्यंगचित्रकारानं १९३२ ते १९४८ या काळात बाबासाहेबांवर निघालेली व्यंगचित्रं शोधून २०१९ साली पुस्तक काढलं. ते चाळलं की कळतं, वर्तमानपत्रांनी त्यांना कसं लहान करून, हिणवून काढलं होतं. म्हणजे आपल्या ज्येष्ठांचा राग जुन्या अनुभवातून आलाय. पण त्यावर उपाय चित्र बंद करणं हा नाही. उपाय हा की पेन्सिल आपल्या लेकरांच्या हातात असावी. दुसऱ्यानं काढलेल्या चित्रावर आपण मोर्चा काढू शकतो. आपलं चित्र मात्र आपल्यालाच काढावं लागेल.

आता पुढं काय येणार आहे ते सांगतो, कारण बालमित्र मला रोज विचारतात. नामांतराचा दुसरा भाग येत्या १४ जानेवारीला येईल. त्यात लाँग मार्च आहे, १९७९ चा. त्यात नांदेडचे गौतम वाघमारे आहेत, ज्यांनी २५ नोव्हेंबर १९९३ ला नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. ते पान कसं काढायचं हे अजून ठरलेलं नाही. पोरांनी ते पाहून जीव देणं मोठं समजू नये, ही तिला काळजी आहे, आणि ती मला रास्त वाटते. त्यांचं जगणं काढावं, मित्र काढावेत, मागं राहिलेली माणसं काढावीत, असं तिचं चाललंय. त्यानंतरचा अंक मुक्ता साळवे हिच्यावर. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजाची मुलगी. चौदाव्या वर्षी तिनं आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली "ज्ञानोदया"त तो छापून आला. आमच्या वस्तीतल्या मातंग भावांनाही हा अंक द्यायचा आहे. आणि वर्षावासात छद्दंत हत्ती येणार, तोही चौकटी न मारता, अजिंठ्याच्या भिंतीसारखा.

शेवटी विहार समितीपुढं आणि आपणा सर्वांपुढं माझ्या तीन मागण्या आहेत. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपण युनियनमध्ये शिकलोय.

पहिली. वरच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि एक कपाट चित्र काढणाऱ्या लेकरांसाठी ठेवावं. नांदेडची भाची महिन्यातून एक रविवार इथं येऊन शिकवायला तयार आहे. गाडीभाडं मी देईन.

दुसरी. पुस्तिकेची दहा रुपये किंमत मोजताना ती भीक समजू नये. वर्षाचे एकशेवीस रुपये आगाऊ दिले तर तिला कागद उधारीवर आणावा लागणार नाही. माझं नाव वहीत पहिलं लिहा.

तिसरी मागणी आहे ती वयस्कर माणसांकडं, आणि हीच सर्वात अवघड आहे. आपल्यातल्या पुष्कळांकडं अशी एकेक रात्र आहे. काहींकडं दिवस आहे: पहिल्यांदा विहिरीवर पाणी भरल्याचा, दीक्षा घेतल्याचा, पहिल्यांदा पोरगी कॉलेजला गेल्याचा. ते आपण भाषणात सांगतो, घरात सांगत नाही. तिच्या पहिल्या आठवड्यात तिच्यापुढं बसा. हंडा कसा होता सांगा. बांगड्या होत्या की नव्हत्या सांगा. ज्यांना बोलवत नसेल त्यांनी बोलू नये, जबरदस्ती नाही. पण ज्यांना बोलता येईल त्यांनी आमच्या मायीसारखं सगळं बरोबर घेऊन जाऊ नये. तिचा हात त्या रात्री माझ्या तोंडावर होता म्हणून मी जिवंत राहिलो. उजाडल्यावर तिनं तो काढला होता. मीच नंतर इतकी वर्षं स्वतःचा हात तोंडावर ठेवून बसलो होतो.

 काही चुकलं असेल तर लहान समजून सांभाळून घ्यावं. या महिन्याची पुस्तिका बाहेर टेबलावर आहे. जाताना घेऊन जा, आणि आज एवढं करा, चष्मा घालून वाचा.

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!